पंपघराचं पान

'आवाज ओळखला.' एवढंच लिहिलं होतं. देणगी बसच्या तिकिटाएवढी, नावाच्या जागी 'एक हितचिंतक', आणि त्याखाली हे दोन शब्द. मी तेव्हा दातांच्या लॅबमध्ये एका म्हातारबाबांची वरची कवळी मेणात बसवत होते. पुढचे दात झाले होते, सुळे राहिले होते. टेबलावरचा फोन उजळला, मी सवयीनं वाचलं, आणि गरम सुरी हातातच राहिली. मेण थंड झालं. आमच्या कामात मेण थंड झालं की दात वाकडा बसतो, पुन्हा सगळं सोडवून पहिल्यापासून करायचं. एरवी मी स्वतःला चार शिव्या घातल्या असत्या. आता नुसती बघत बसले. शेजारच्या टेबलावरची ताई प्लास्टर ढवळत होती. तिनं विचारलं, "काय गं, पांढरी का पडलीस?" मी म्हटलं, "काही नाही, सकाळपासून पोट बिघडलंय." खोटं बोलायला मला आता विचार करावा लागत नाही. तोंडावर मास्क होता ते बरं. लॅबमध्ये दिवसभर मास्क लावावा लागतो, म्हणून तर मी हे काम धरलं. पगार बघून कुणी इथं येत नाही. मी आडोसा बघून आले.

नसेल तो, मी स्वतःला समजावलं. कुणी शाळेतली मैत्रीण असेल. पण शाळेतल्या मैत्रिणी नाव लपवत नाहीत, त्या शंभर प्रश्न विचारतात, कुठं असतेस, जाड झालीस का, फोटो पाठव. नाव कोण लपवतं? ज्याला आपण कोण ते कळू नये, पण धाक कळावा असं वाटतं, तो. हे त्याचं वागणं मी ओळखत नाही तर कोण ओळखणार? तो मोठ्यानं ओरडणाऱ्यांतला नव्हताच. मी स्वयंपाकघरात असताना मागं येऊन नुसता उभा राहायचा. श्वास ऐकू यायचा. मी वळायची नाही. वळलं की सुरू व्हायचं, आणि नाही वळलं तरी व्हायचंच, फक्त उशिरा. त्या उशिरातच माझं सगळं लग्न गेलं. हे दोन शब्द तसेच होते. मागं येऊन उभे राहिलेले.

आणि हे सगळं कशापायी, तर एका पंपघरापायी. आमच्या वस्तीच्या मागं एक जुनं पंपघर आहे. पाण्याची लाइन दुसरीकडून आली तेव्हापासून बंद. आत गंजलेली चाकं आणि कबुतरं. वस्तीत निम्म्या बायका पाळीनं कामाला जाणाऱ्या. पोरांना ठेवायला एकच जागा, शिवणकाम करणाऱ्या मावशींची खोली, तिथं कापडाच्या गठ्ठ्यांवर पोरं आणि पोरांवर गठ्ठे. मावशींचे गुडघे गेलेत, त्या आता मुलाकडे राहायला जाणार. मग पंपघराचं पाळणाघर करायचं ठरलं. सेक्रेटरीकाकांनी खेटे घालून घालून परवानगी आणली. पैसे कुठनं आणायचे? लोकांकडून, इंटरनेटवर एक पान काढून. काकांनी स्वतः मजकूर लिहिला. 'सविनय निवेदन की, सदर वास्तू अनेक वर्षे वापराविना पडून असून' अशी सुरुवात, आणि वर पंपघराचा फोटो, त्यात काका कडेला ताठ उभे. आठवडाभर त्या पानावर एकच देणगी आली, ती काकांच्या मेव्हण्याची, तीही फोन करून करून मागवलेली.

तेव्हा आमच्या जिन्यातला जाहिरातीवाला मधे पडला. टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप, सदान्कदा कॉम्प्युटरपुढे, म्हणून सगळे त्याला पिक्सेल म्हणतात. तो म्हणाला, "काका, लोक भिंतीला पैसे देत नाहीत, माणसाला देतात. एक आई पाहिजे. एक मूल पाहिजे. तिला काय होतं ते तिनं सांगायचं, दोन मिनिटांत. आणि जो देईल त्याला त्याच दिवशी आभार, छापील नाही, बोलून." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वस्तीत नवरा बाहेरगावी असलेली मी एकटीच, असं सगळे समजतात, मीच तसं सांगितलंय. मी म्हटलं, चेहरा नाही देणार. नाव नाही. मुलीचा फोटो नाही. वस्तीचं नावही नको, नुसतं शहराचं घाला. पिक्सेल कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, स्थानिक प्रकल्प आणि त्याला स्थान नाही. बरं, आवाज तरी द्याल?" मी आवाज दिला. मनात हसलेसुद्धा. ज्या माणसानं सात वर्षांत माझं एक वाक्य पुरतं ऐकलं नाही तो आवाज काय ओळखणार, असा मी हिशेब केला. शहाणी समजत होते ना स्वतःला.

काय बोलायचं ते पिक्सेलनं लिहून दिलं होतं, ते मी बाजूला ठेवलं. पंपघराच्या पायरीवर बसून तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, माझी मुलगी दुपारभर मावशींच्या मशिनीखाली बसते. ती रडत नाही. हट्ट करत नाही. तहान लागली तरी सांगत नाही. सगळे म्हणतात, किती गुणी पोर. मला त्या गुणीपणाची भीती वाटते. तिला आरडाओरडा करायला एक खोली हवीय. बस. व्हिडिओत पंपघर, कबुतरं, आणि पायरीवर ठेवलेले मुलीचे बूट. पिक्सेलनं तो चढवला आणि दोन दिवसांत पान कुठल्या कुठं गेलं. अनोळखी माणसं देऊ लागली, एकमेकांना पाठवू लागली. मी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता फोनवर एकेकाचे आभार बोलायची. तुमचं नाव घेऊन सांगते हं, दादा, पोरांच्या खोलीत तुमची एक वीट लागली. मला आवडायला लागलं होतं ते. किती वर्षांनी मी बोलत होते आणि समोरून कुणीतरी ऐकत होतं. आता वाटतं, कुठून ही अवदसा आठवली.

लॅबमधून सुटल्यावर बसस्टॉपपर्यंत तीनदा मागं बघितलं. बसमध्ये मागच्या बाकावर, पाठ भिंतीला. ही माझी जुनी खोड. नव्या जागी गेलं की आधी दार कुठं आहे ते बघायचं, मग माणसं. पुढं एक जण कानाला फोन लावून उभा होता, उंची तीच, खांद्याची ढब तीच. मी त्याच्या दातांकडे बघितलं. कामामुळे ही सवय लागलीय, माणूस विसरेन पण दात विसरणार नाही. माझ्या नवऱ्याचा खालचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे. हा माणूस हसला तेव्हा दात सरळ निघाले. तेवढ्यात माझी पाठ घामानं भिजून चिकटली होती. तीन वर्षांपूर्वी अशाच एका बसमध्ये मुलीला मांडीवर घेऊन बसले होते, एक पिशवी, तिच्या अंगात दोन फ्रॉक एकावर एक. तो कामावर गेला होता. सासूबाई दारात बसून वाळलेले कपडे घडी करत होत्या. त्या सगळं बघायच्या. तो मला मारायचा तेव्हा त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या, बास, एवढंच करायच्या. त्या दिवशी मी पिशवी घेऊन त्यांच्यापुढनं गेले. त्यांनी वर बघितलं, पिशवी बघितली, दोन फ्रॉक बघितले, आणि पुन्हा खाली मान घालून उशीचा अभ्रा घडी करायला घेतला. हाक मारली नाही. त्याला फोन केला की नाही, कधी केला, मला आजवर माहीत नाही. त्या घडी घालण्यावर मी किती विचार केलाय. त्यांनी मला जाऊ दिलं, की मी जगले काय मेले काय, त्यांना काही वाटलंच नाही? दोन्ही खरं वाटतं, ज्या दिवशी जसा जीव असेल तसं.

मावशींच्या खोलीत मुलगी मशिनीखालीच होती. बाकीची पोरं दंगा करत होती आणि ही चिंध्या रंगानुसार लावत होती. मला बघून उठली, बूट घातले, हात धरला. रस्त्यात मी तिला जरा जोरातच ओढलं असेल. ती म्हणाली, "आई, आपण पुन्हा जायचंय का?" मी थांबलेच. तेव्हा ती तीन वर्षांची होती, मी समजत होते तिला काही आठवत नाही. म्हटलं, "कुठं जायचं?" ती म्हणाली, "मला माहीत नाही. तू हात असा धरलास की जायचं असतं." मी हात सैल केला. मग पुन्हा घट्ट धरला, कारण सैल सोडवेना. घरात गेल्यावर पहिल्यांदा कपाटावरची बॅग खाली काढली. कुठल्या गावाला, कुणाकडे, कशाचा पत्ता नाही. मुलीचे कपडे हातात घेतले आणि वाटलं, इथं हिच्या उंचीच्या खुणा मी दाराच्या चौकटीवर केल्यात. पुढच्या घरी पुन्हा खालून सुरू करायचं? आणि त्याच्या पुढच्या? पोर मोठी होणार आणि तिच्या खुणा गावोगावच्या चौकटींवर राहणार. मी बॅग तशीच उघडी टाकली आणि तिला घेऊन पंपघराकडे गेले. संध्याकाळी तिथं सगळे जमणार होते, फरशी कोणती घ्यायची ते ठरवायला.

पंपघराची चाकं काढून झाली होती, मोकळी खोली आधीपेक्षा मोठी वाटत होती. काका जमिनीवर फरशीचे नमुने मांडून बसले होते. मावशी उलट्या बादलीवर. पिक्सेल दारात फोन हलवत म्हणाला, "ताई, एकाचे आभार राहिलेत. तो हितचिंतक. दिवस मावळायच्या आत पाठवायचं असतं, आपणच पानावर तसं लिहिलंय." मी म्हटलं, "तो व्हिडिओ काढून टाका." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी पुन्हा म्हटलं. काका म्हणाले, "अगं, पण आता तर गाडी रुळावर आलीय. त्या व्हिडिओवरच तर लोक देतायत. तो काढला तर छप्पर कशानं घालायचं, माझ्या पेन्शननं?" पिक्सेल म्हणाला, "आवाजात काही चुकलंय का? पुन्हा करू." मी म्हटलं, "आवाजच नको." मुलगी बाहेर पायरीवर कबुतरांना बघत होती. तिच्या पाठीकडे बघत मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही, फार लांबण लावली नाही. माझा नवरा बाहेरगावी नाही. मी बाहेरगावी आहे. तो मारायचा. मी पळून आले. आता कुणीतरी लिहिलंय की आवाज ओळखला, आणि मला मरणाची भीती वाटतेय, बास.

मी माणसांच्या चेहऱ्यांची तयारी करून बसले होते, कीव, नाही तर संशय, नाही तर दोन्ही. मावशी उठल्या, गुडघ्यांवर हात रोवून, आणि बाहेर जाऊन मुलीच्या शेजारी पायरीवर बसल्या. काकांनी फरशीचे तुकडे एकावर एक रचले. म्हणाले, "काढ रे तो व्हिडिओ." पिक्सेल म्हणाला, "काढतो." काका म्हणाले, "आत्ता काढ. छपराचं बघू. माझा मेव्हणा आहे." कुणीतरी हसलं असतं एरवी. मला राग आला, की हे इतकं सोपं होतं तर मी तीन वर्षं एकटीनं कशाला कुढत बसले. पिक्सेलनं पान उघडलं आणि थबकला. "त्याच हितचिंतकाचा निरोप आलाय. बोललेला आहे. मी ऐकू का आधी?" मी म्हटलं, "नको. माझा आहे." फोन घेऊन मी मागच्या भिंतीपाशी गेले, जिथं पंपाचा मोठा नळ पूर्वी भिंतीतून बाहेर जायचा. भोकातनं वारा येत होता. बोट काही केल्या दाबेना. शेवटी डोळे मिटून दाबलं.

आधी पाण्याचा आवाज आला. नळ, बादली भरतेय. मग श्वास. मग बाईचा आवाज, अगदी तोंडापाशी फोन धरून. "अगं, मी बोलतेय." सासूबाई. मी भिंत धरली. "शेजारच्या मुलीनं दाखवलं ते पंपाचं. मला दिसत नाही आता नीट, पण ऐकलं. तूच. पोर रडत नाही म्हणालीस तेव्हा तर खात्रीच पटली. पैसे मी दिले, तिच्या फोनवरनं, लिहिलंही तिनंच. त्याला नाही माहीत." मग बराच वेळ नुसतं पाणी. "तू गेल्यावर त्याला कुणीतरी लागतंच ना. आता मी आहे. हात दुखावलाय परवा. मी कुणाला सांगत नाही, पडले म्हणते." बादली भरून वाहायला लागली असावी, आवाज बदलला. "एक विचारायचं होतं. तिथं पोरांना ठेवणार तुम्ही. म्हातारं माणूस ठेवतात का? फुकट नको. झाडीन, पोरांना झोपवीन, मला पोरं झोपवता येतात. नाही म्हणालीस तरी चालेल. पत्ता सांगायचा तर बोलून सांग, लिहिलेलं मला वाचता येत नाही. उद्या तो कामावर गेला की ती मुलगी मला बसमध्ये बसवून देईल."

पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. वाटलं, भोगा. मी ओट्याला धरून बसायची तेव्हा तुमचे कान कुठं गेले होते? सगळं ऐकू येत होतं तर मग. टीव्हीवरनंसुद्धा माझा आवाज इतका नीट ऐकू यायचा, की तीन वर्षांनी फोनमधून आला तरी ओळखता आला. मला ओरडावंसं वाटलं त्या फोनवर. मग राग ओसरला आणि मागं भीती होतीच, ती कुठं गेली नव्हती. तो तिथं उभा नसेल कशावरून? न्हाणीघराच्या दारात, नुसता श्वास घेत. त्यानंच म्हातारीला बसवलं असेल बोलायला, नळ त्यानंच सोडला असेल. त्याला जमेल हे. मी निरोप पुन्हा ऐकला, पाण्याच्या मागं काय आहे ते ऐकायला कान लावून, पुन्हा ऐकला. पाणीच होतं. माझ्या कानांना त्याचा श्वास सगळीकडेच ऐकू येतो, लॅबमधल्या पंख्यात, बसमध्ये, रिकाम्या जिन्यात, तेव्हा माझ्या कानांवर कितपत भरवसा ठेवायचा? कळायला काही मार्ग नव्हता. पत्ता दिला आणि ते खोटं निघालं, तर तो उद्या या दारात. खरं निघालं, तरी तो कधीतरी माग काढत येणारच, म्हातारी काय हवेत विरून जाणार आहे? आणि नाही दिला, तर व्हिडिओ निघेल, पान झोपेल, मी आणि माझी मुलगी पुन्हा कुणालाच ऐकू येणार नाही, सुखरूप. आणि ती तिकडं नळ सोडून वाट बघत बसेल. मी उशीचा अभ्रा घडी करत बसेन.

बाहेर मावशींनी मुलीला काहीतरी विचारलं आणि ती बोलत होती. काय ते कळलं नाही, पण लांबलचक, मधे न थांबता. मी बोलायचं बटण दाबलं. आवाज फुटेना. पुसून टाकलं. पुन्हा दाबलं, 'आई' म्हटलं आणि पुढं दातखीळ बसली. तेही पुसलं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले नाहीत, दाराकडे तोंड करून उभी राहिले. म्हटलं, "आई, या. मोठ्या स्टँडवर उतरायचं. तिथून दवाखान्याकडे जाणारी बस. शेवटचा थांबा. उतरल्यावर उजव्या हाताला पाण्याची उंच टाकी दिसेल, नाही दिसली तर कुणालाही विचारा, पंपघर कुठंय. सगळ्यांना माहीत आहे. मी थांब्यावर उभी राहीन." आवाज स्थिर आला. स्वतःलाच परका वाटला. मग पाठवून दिलं. पाठवल्याबरोबर मी तिथंच खाली बसले, कबुतरांच्या घाणीत.

पिक्सेल धावत आला. मी त्याला फोन परत दिला. म्हटलं, व्हिडिओ राहू दे, पत्ता आता मीच सांगितलाय. आणि लॅबमध्ये सांगून मी उद्या रजा घेते. काकांनी विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "उद्या एक बाई येणार आहेत. वयस्कर. त्यांच्या मागोमाग कदाचित दुसरंही कुणी येईल. उद्याच, नाही तर महिन्यानं, नाही तर पोरं आत असताना." काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. फरशीचा एक तुकडा त्यांच्या हातातच होता, तो त्यांनी खाली ठेवला. मी म्हटलं, "फरशी मागाहून बघू, काका. आधी दाराला आतून कडी लावून घ्या."

"केवढी?" त्यांनी विचारलं.

"मोठी," मी म्हटलं.